साबण मऊ पडतो, फेस येत नाही: तेलं बदलण्याआधी काय काय तपासायचं

महिनाभर मुरलेल्या वडीवर अंगठा दाबला आणि ठसा उमटला, म्हणजे काहीतरी चुकलंय. कोल्हापुरात गेली नऊ वर्षं मी घरी साबण करते. शेजारच्या, नात्यातल्या, बचत गटातल्या बायका बिघडलेल्या वड्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे आणतात. तक्रारी फिरून फिरून दोनच असतात: मऊ पडतो, नाहीतर फेस येत नाही. पहिला प्रश्नही ठरलेला, "ताई, कुठलं तेल वाढवू?"

तेलाचं मी शेवटी सांगते. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या करायच्या. बऱ्याच वड्यांचं दुखणं तेलात नसतंच, आणि तसं असताना तेल बदललं की एका चुकीच्या दोन होतात.

आधी लक्षणं नीट बघा

"साबण बिघडला" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. वडी हातात घ्या, कापा, ओली करा, मग यातलं काय दिसतंय ते ठरवा.

- चार आठवडे झाले तरी ठसा उमटतो, कापताना सुरीला लोण्यासारखं चिकटतं.
- वडी कडक आहे, पण साबणदाणीत दोन दिवसांत लिबलिबीत होते.
- वडी कडक, टिकाऊ, पण हातावर नुसता बुळबुळीतपणा. बुडबुडे नाहीत.
- फेस येतो पण लगेच बसतो, आणि बादलीच्या कडेला पांढरट-करडा चिकट थर राहतो.
- फेस भरपूर, पण अंघोळीनंतर कातडी ओढल्यासारखी होते.
- वडी खडूसारखी भुरभुरते, कापताना तुकडे पडतात.
- वडीवर नारिंगी ठिपके, आणि जुन्या तळणीच्या तेलासारखा वास.
- वडीवर तेलाचे थेंब, किंवा आत पाण्याने भरलेले खड्डे.

शेवटचं लक्षण असेल तर वडी उघड्या हाताने धरू नका. त्या पाण्यात न मुरलेलं कॉस्टिक, म्हणजे ज्याने तेलाचा साबण होतो तो जळजळीत सोडा, असू शकतं. त्याबद्दल खाली लिहिलंय. वर नुसती पांढरी भुकटी धरली असेल तर ती हवेशी संबंध आल्याने धरते. ओल्या फडक्याने पुसा आणि विसरून जा.

पाणी बदलून बघा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. फेसाची तक्रार असेल तर पहिली तपासणी हीच.

साबणाचा चमचाभर कीस दोन सारख्या बाटल्यांत घाला. एकीत घरचं रोजचं पाणी, दुसरीत पावसाचं किंवा बॅटरीवाल्याकडे मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर. दोन्ही कोमट करून घ्या, झाकण लावून वीस वेळा हलवा आणि ठेवून द्या. डिस्टिल्डच्या बाटलीत बोटभर फेस टिकला आणि घरच्या पाण्यात तो बसून खाली दुधट गाळ दिसला, तर साबण चांगला आहे. पाणी जड आहे.

जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि पाण्यात न विरघळणारा चिकटा तयार होतो. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम संपेपर्यंत फेसाला साबणच उरत नाही. आमच्या घरी बोअरचं पाणी आहे, माहेरी नळाचं. एकाच घाण्याच्या, म्हणजे एका वेळी केलेल्या, वड्या दोन्हीकडे ठेवल्या तर आई म्हणते फेस आवरत नाही, आणि माझी मुलगी म्हणते फेस येत नाही. बोअरच्या घरासाठी साबण करताना मी खोबरेल थोडं जास्त धरते, पण रेसिपी मुळातून बदलत नाही. कॉस्टिक विरघळवायला मात्र कायम डिस्टिल्डच वापरते.

साबणदाणी आणि पावसाळा

घरचा साबण विकतच्या साबणापेक्षा पाण्याला हळवा असतो. साबण होताना त्यातच ग्लिसरीन तयार होतं, ते वडीत राहतं आणि हवेतला ओलावा ओढतं. कातडीला म्हणूनच तो बरा वाटतो, आणि बुडाशी पाणी साचलेल्या डबीत म्हणूनच विरघळतो. खाली जाळी असलेली दाणी घ्या. आठ दिवसांत फरक दिसेल. तो दिसला तर पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरं, वडी मुरली आहे का? चार ते सहा आठवडे हा कोरड्या हवेचा हिशेब. कोल्हापुरात जुलैत हवा कशी असते ते आपण जाणतो, दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत. कॉस्टिकच्या दुप्पट पाणी घातलं तर शंभर ग्रॅमच्या ताज्या वडीत जवळजवळ वीस ग्रॅम पाणीच असतं. ते बाहेर पडायला हवं. माझ्या वहीत एप्रिलमधली वडी चार आठवड्यांत १०० वरून ८७ ग्रॅमवर आल्याची नोंद आहे. जूनअखेरची वडी तेवढ्याच दिवसांत ९४ वर अडकली होती.

म्हणून दिवस मोजू नका, वजन मोजा. घाण्यातल्या एका वडीवर खूण करा आणि दर रविवारी तिचं वजन लिहा. लागोपाठ दोन आठवडे ते हललं नाही, तर ती त्या हवेत जेवढी सुकायची तेवढी सुकली. पावसाळ्यात ते थांबूनही वडी मऊ असेल तर पंख्याच्या खोलीत, जाळीवर, वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून आणखी महिना द्या. उन्हात ठेवू नका. उन्हाने तेल खवट होतं आणि ते नारिंगी ठिपके लवकर येतात.

लिटर म्हणजे किलो नाही

माझ्याकडे आलेल्या भुरभुरीत वड्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडलेली चूक ही.

तेलाची एक लिटरची पिशवी हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. तेल पाण्यापेक्षा हलकं. रेसिपीत तेल १००० ग्रॅम आहे, तुम्ही एक लिटर ओतलं, म्हणजे ९० ग्रॅम तेल कमी पडलं आणि कॉस्टिक पूर्ण पडलं. आपण जे पाच टक्के कॉस्टिक मुद्दाम कमी घालतो, ज्याला सुपरफॅट म्हणतात, ती सगळी सूट त्यात संपते आणि वर चारेक टक्के कॉस्टिक मोकळं राहतं. अशी वडी कडक दिसते, भुरभुरते आणि कातडी जाळते. सगळं ग्रॅममध्ये मोजा. पाणीसुद्धा. चमचा आणि वाटी साबणाला चालत नाहीत.

मग काटा तपासा. आमच्या शेजारच्या काकींचे लागोपाठ दोन घाणे भुरभुरले. तेल त्यांनी पिशवीवरच्या ग्रॅमप्रमाणे बरोबर घेतलं होतं, कॉस्टिक मात्र घरच्या काट्यावर. तो काटा घेऊन आम्ही गुजरीत त्यांच्या ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्यांनी शंभर ग्रॅमचं पितळी वजन काट्यावर ठेवलं. आकडा आला ९३. काकी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. काटा १४४ दाखवत होता तेव्हा भांड्यात प्रत्यक्षात १५५ ग्रॅम कॉस्टिक पडत होतं, आणि त्यांच्या तेलांना जास्तीत जास्त १५१ पचणार होतं. नवा काटा आणला, तेलं तीच, रेसिपी तीच. पुढच्या घाण्याची वडी सुरीने एकसारखी कापली गेली.

किराणा दुकानातलं शिक्क्याचं वजनही या तपासणीला चालतं. महिन्यातून एकदा करा.

डब्यावरची नावं वाचा

आधी कॉस्टिकचा डबा. त्यावर सोडियम हायड्रॉक्साइड असं हवं आणि शुद्धता ९८ टक्क्यांच्या आसपास. धुण्याचा सोडा वेगळा, खायचा सोडा वेगळा. त्यांनी तेलाचा साबण होत नाही. कॉस्टिक पोटॅश म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, त्याने साबण होतो पण तो पातळ साबणाचा, वडी कधीच कडक होत नाही. एका बचत गटाने दोन महिने खोबरेल वाढवत नेलं होतं. दोष डब्यात होता. मोरी साफ करायच्या पुडीत इतर काय काय मिसळलेलं असतं, ती साबणाला नकोच.

कॉस्टिक जुनं झालं तरी अडचण. झाकण सैल राहिलं तर ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पितं, दाण्यांचे गोळे होतात, आणि वजन तेवढंच भरलं तरी ताकद कमी पडते. तेल शिल्लक राहतं, वडी तेलकट आणि मऊ होते. गोळे झालेला डबा साबणाला वापरू नका.

मग तेलाची बाटली. केसांना लावायच्या सुवासिक तेलांत पुष्कळदा खनिज तेल असतं, लेबलवर लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल लिहिलेलं. कॉस्टिक त्याला काही करू शकत नाही. त्याचा साबण होत नाही, ते वडीत नुसतं तेल म्हणून राहतं. बदाम तेल घातलं असं सांगणाऱ्या एका मुलीची बाटली मी वाचली तर त्यात बहुतेक पॅराफिनच होतं. खायचं तेल घ्या, नाहीतर ज्यावर शंभर टक्के त्याच तेलाचं नाव आहे ते.

वितळवणं आणि घोटणं

डिसेंबरात सकाळी खोबरेल गोठलेलं असतं. कोकम तेल तर बारा महिने घट्ट. ते अर्धवट वितळवून घोटलं की मिश्रण दाट दिसतं, आपल्याला वाटतं ट्रेस आला, म्हणजे साबण होऊ लागून मिश्रण दाट झालं, आणि आपण साच्यात ओततो. खरं तर ते थंडीने थिजलेलं असतं, साबण झालेला नसतो. वडीत पांढरे कण, एक थर मऊ, एक कडक, असं दिसलं तर कारण हे. घट्ट तेलं पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वितळवा, ४०-४५ अंशांवर आणा, मग कॉस्टिकचं पाणी घाला. हँड ब्लेंडर थांबवून थांबवून चालवा.

पाणी जास्त झालं तरी वडी मऊ दिसते, पण ती वेळेने सुधारते. कॉस्टिकच्या दुप्पट पाणी पुरेसं आहे.

आता तेलं

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं आणि तक्रार तशीच असेल, तरच रेसिपीला हात लावा.

प्रत्येक तेलात वेगवेगळी आम्लं असतात आणि वडीचा स्वभाव त्यांच्यावर ठरतो. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल आणि जोडीला मायरिस्टिक. ही दोन्ही वडी कडक करतात आणि मोठे, उसळणारे बुडबुडे देतात, पण कातडीवरचं तेलही ओढून नेतात. पामिटिक आणि स्टिअरिक वडीला टिकाऊपणा देतात आणि सायीसारखा बारीक फेस. पामतेल आणि कोकम यांतली. शेंगतेलात ओलिक जास्त, ते कातडीला चांगलं पण वडी मऊ आणि फेस संथ. सूर्यफुलात लिनोलिक जास्त, त्याने वडी आणखी मऊ आणि लवकर खवट. एरंडेल सगळ्यांत निराळं. त्यातलं रिसिनोलिक आम्ल आलेला फेस धरून ठेवतं.

आपल्याकडे गोंधळ होतो तो परदेशी रेसिपी घेतल्यामुळे. तिथे ऑलिव्ह असतं, इथे ते महाग, म्हणून त्याच वजनाचं सूर्यफूल घातलं जातं. दोन्ही पातळ तेलं असली तरी वडी सारखी होत नाही. ऑलिव्हची वडी महिने मुरल्यावर दगडासारखी होते, सूर्यफुलाची होत नाही. ऑलिव्हच्या जागी मी शेंगतेल धरते. आपल्या भागात तेलघाण्याचं शेंगतेल सहज मिळतं, आणि ते सूर्यफुलापेक्षा ऑलिव्हच्या स्वभावाला जवळचं आहे. दुसरा गोंधळ पामचा. परदेशी रेसिपीतलं पाम अख्खं, घट्टसर असतं. आपल्या दुकानातल्या पिशवीत पामोलिन असतं, म्हणजे त्यातला घट्ट भाग काढून उरलेलं पातळ तेल. त्यात पामिटिक थोडं कमी, म्हणून वडीही थोडी कमी कडक.

एक खरी दुरुस्ती दाखवते. माझ्या जाऊबाईंची रेसिपी एक किलो तेलाला अशी होती: खोबरेल २००, शेंगतेल ५००, सूर्यफूल ३००. कॉस्टिक १३८ ग्रॅम. हिशेब बरोबर, वजन बरोबर, तरी वडी मऊ आणि फेस मिळमिळीत. कडक करणारी चार आम्लं, लॉरिक, मायरिस्टिक, पामिटिक, स्टिअरिक, मोजली तर बेरीज शंभरात २५च्या आसपास येते. साबणाच्या कॅल्क्युलेटरांत ही बेरीज साधारण २९ ते ५४ मध्ये असावी असं धरतात. बुडबुड्यांची बेरीज, म्हणजे लॉरिक, मायरिस्टिक आणि रिसिनोलिक, जेमतेम १३, ती निदान १४ हवी.

बदलून आम्ही हे केलं: खोबरेल ३००, पामोलिन ३००, शेंगतेल ३५०, एरंडेल ५०. कडकपणा ४१च्या आसपास, बुडबुडे २४-२५. सूर्यफूल पूर्ण काढलं, त्यामुळे ठिपक्यांचाही धोका कमी झाला. पाच आठवड्यांनी त्यांनी वडी टेबलावर आपटून दाखवली, टक् असा आवाज आला.

पण तेल बदललं की कॉस्टिक बदलतं, हे विसरलात तर सगळं पाण्यात. एक ग्रॅम तेलाला लागणारं कॉस्टिक, ग्रॅममध्ये, साधारण असं:

खोबरेल ०.१८३
पामतेल ०.१४१
शेंगतेल ०.१३७
सूर्यफूल ०.१३५
तीळ ०.१३४
एरंडेल ०.१२८

नव्या रेसिपीचा हिशेब: खोबरेलाचे ५४.९, पामचे ४२.३, शेंगतेलाचे ४७.९५, एरंडेलाचे ६.४. बेरीज १५१.५५. त्यातून पाच टक्के वजा, म्हणजे १४४ ग्रॅम कॉस्टिक आणि २८८ ग्रॅम पाणी. जुनंच १३८ घातलं असतं तर नऊ टक्के तेल मोकळं राहिलं असतं आणि वडी पुन्हा मऊ. उलट शंभर ग्रॅम खोबरेल काढून तेवढंच शेंगतेल घातलं आणि कॉस्टिक तसंच ठेवलं, तर ४.६ ग्रॅम कॉस्टिक जास्त होतं. बिया आणि तेलघाणा बदलला की हे आकडे थोडे हलतात, ती पाच टक्क्यांची सूट त्यासाठीच असते. सूट खाऊन टाकू नका.

वरच्या रेसिपीत आम्ही सगळं एकदम बदललं, पण तुम्ही एका वेळी एकच तेल बदला, तेही शंभरात पाच ते दहा भाग. माझा अनुभव असा:

फेस कमी असेल तर आधी एरंडेल पाच टक्के करा, मग खोबरेल. एरंडेल दहाच्या वर गेलं की वडी चिकट होते. खोबरेल तीस-पस्तिसाच्या वर गेलं की कातडी ओढते. तिथे सुपरफॅट वाढवावा लागतो, आणि नुसत्या खोबरेलाचा साबण करायचा तर तो वीस टक्क्यांपर्यंत न्यावा लागतो.

वडी मऊ असेल आणि फेस बरा असेल तर कोकम तेल वापरून बघा. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलात की भिरंडेल म्हणून त्याचे घट्ट पांढरट गोळे मिळतात, टाचांच्या भेगांना लावतात तेच. स्टिअरिकने भरलेलं आहे. दहा टक्के पुरे. जास्त घातलं की वडी ठिसूळ होते आणि फेस दबतो. त्याला लागणारं कॉस्टिक शेंगतेलाएवढंच धरलं तरी चालतं.

तेलाला हात न लावता दोन गोष्टी करता येतात. किलोभर तेलाला दहा ग्रॅम मीठ, कॉस्टिक घालायच्या आधी पाण्यात विरघळवून. वडी लवकर कडक होते, पण प्रमाण वाढवलं तर फेस मरतो. आणि दहा ग्रॅम गूळ, तोही आधी पाण्यात. साखरेने फेस वाढतो, गुळातही तीच. आपल्याकडे चांगल्या गुळाला तोटा नाही. कॉस्टिक पडल्यावर पाणी तांबूस-काळं होतं, वडीला बदामी रंग येतो, तो मला आवडतो. मात्र गुळाने मिश्रण फार तापतं. त्या घाण्याला चादरीत गुंडाळू नका, नाहीतर साच्यातून वर उसळून येतं.

बिघडलेल्या घाण्याचं काय

मऊ किंवा कमी फेसाची वडी फुकट जात नाही. किसून, थोड्या पाण्यात, स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर शिजवा, पुन्हा साच्यात भरा. दिसायला ओबडधोबड होते पण वापरता येते. कॉस्टिक किती कमी किंवा जास्त पडलं हे वहीत नक्की लिहिलेलं असेल, तरच शिजवताना भरपाई करा: जास्त पडलं असेल तर तेवढ्या कॉस्टिकपुरतं तेल घाला. अंदाजाने वरून कॉस्टिक कधीही घालू नका.

इथे थांबा

वडीत पाण्याचे खड्डे असतील, किंवा दोन दिवसांनंतर ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावल्यावर बॅटरीला जीभ लावल्यासारखी झिणझिण आली, आणि आकडे लिहिलेले नसतील, तर तो घाणा वाचवू नका. हातमोजे घालून, मुलांपासून लांब ठेवून टाकून द्या.

कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर नाही. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, त्यातून जळणारा वायू निघतो. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय सुरुवात करू नका. हातावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धरा, व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नका. डोळ्यात गेलं तर निदान वीस मिनिटं पाणी मारत राहा आणि लगेच सरकारी रुग्णालय (कोल्हापुरात सीपीआर) किंवा जवळचा डोळ्यांचा दवाखाना गाठा. पोटात गेलं तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या. यात घरगुती उपाय नाही.

साबण लावल्यावर पुरळ आलं, खाज थांबत नाही, तर तेलं बदलत बसू नका. साबण बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि त्यात काय काय घातलं होतं ते कागदावर लिहून न्या.

विकायचा विचार असेल तर प्रश्न कडकपणाचा राहत नाही. अंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि विक्रीसाठी करायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. मोकळं कॉस्टिक किती आहे हे जिभेने ठरवून दुसऱ्याला साबण द्यायचा नाही, प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचं.

आणि इतकं करूनही लागोपाठ तीन घाणे बिघडले, तर चौथा लावू नका. कोणा जाणत्याला दाखवा. जाताना नुसती वडी नेऊ नका. कॉस्टिकचा डबा, तेलांच्या पिशव्या किंवा बाटल्या, घरचा काटा, बाटलीभर घरचं पाणी आणि वजनांची वही, एवढं सगळं पिशवीत घालून न्या.